न झालेल्या आजाराची नऊ वर्षं

ताई,

परवा तुमच्या सिंदीच्या गल्लीतल्या दोघीतिघी बसायला आल्या होत्या. सतरंजीवर टेकल्या टेकल्या त्यांतली एक म्हणाली, "नऊ वर्ष कॅन्सरशी लढली बिचारी. आमच्याच्यानं नसतं झालं." भाऊजी खाली मान घालून बसले. तुझी स्वाती पाणी आणायला आत गेली. माझ्या ओठांवर एक वाक्य आलं होतं, जे मी ही नऊ वर्षं तुला सांगत आलो आणि जे तुला एकदाही पटलं नाही. ते मी गिळलं आणि म्हटलं, "हो, हिंमतीची होती." तुझ्या फोटोकडे पाहायचं मात्र टाळलं.

फोटो तुझ्या शाळेच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलाय. त्यात तू समोरच्याकडे अशी पाहतेस की आधी अर्ज दाखवा, मग बोला. दुसरा एखादा हसरा सापडतो का म्हणून स्वातीने पेट्या उपसल्या, पण तू फोटोत हसलीसच कधी? शाळेच्या ऑफिसात तू कारकून होतीस आणि हेडमास्तरसुद्धा तुझ्या टेबलाजवळून जाताना हळू चालायचे. कागदात चूक असली की तुला वास यायचा. माझ्या भांड्यांच्या दुकानाची पाटी लागली त्या दिवशीही तू आधी पाटी वाचलीस आणि मग पेढा घेतलास. असल्या बाईला मी एका कागदावर फसवलं, हे मला अजून खरं वाटत नाही.

पण सुरुवात माझ्यापासून झाली नाही. ती बाबांच्या आजारात झाली आणि ती तू केलीस. हे मी तुला नऊ वर्षं ऐकवलं, आज पुन्हा ऐकवतो.

बाबांचा घास अडकायला लागला, तपासण्या झाल्या, अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. मी म्हणालो, त्यांना सांगून टाकू. तू म्हणालीस, "बिलकुल नाई. सांगितलं तर ते आजच मरतीन." बाबा पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेले, इंग्रजी घडाघडा वाचायचे, त्यांनी रिपोर्ट मागितला. मग एका रविवारी तू शाळेच्या ऑफिसची किल्ली घेतलीस, आपण दोघं गेलो आणि तू टाइपरायटरवर नवा रिपोर्ट बडवलास. सगळं जसंच्या तसं, फक्त कॅन्सरच्या जागी अल्सर. मी शेजारी उभा राहून घाबरत होतो, आणि तू मान वर न करता म्हणत होतीस, "गप राय, माह्यी लाइन चुकते." त्यांच्या डॉक्टरांनाही आपण विनवून ठेवलं की बाबांनी विचारलं तर हेच सांगा. बाबांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चला, मोठं काही नाही." चार महिन्यांनी ते गेले.

त्यानंतर काही वर्षांनी तुझं पोट जड वाटायला लागलं. डाव्या बरगडीखाली दुखल्यासारखं व्हायचं. तू मिरचीच्या भज्यांना दोष दिलास, मग माझ्या बायकोच्या वांग्याच्या भाजीला. शेवटी वर्ध्याला सोनोग्राफी केली, मग सीटी स्कॅन. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी मला आणि भाऊजींना आत बोलावलं, फिल्म दिव्यासमोर धरली आणि बोटाने दाखवलं. स्वादुपिंडाच्या शेपटाकडे लिंबाएवढी पिशवी होती.

ते म्हणाले, "अशा पिशव्या दोन प्रकारच्या असतात. एकीत नुसतं पाणी असतं, तिला आम्ही हात लावत नाही. दुसरीत चिकट, घट्ट द्रव असतो. ही मला तशी दिसते आहे. हिचं अस्तर आज शांत आहे. उद्या बिघडू शकतं."

"म्हणजे कॅन्सर?" भाऊजींनी विचारलं.

"आज तसं दिसत नाही. पुढे होऊ शकतो. केव्हा, ते मला सांगता येणार नाही. कदाचित कधीच होणार नाही. पण झाल्यावर आलात, तर या जागेच्या कॅन्सरला आम्ही फारसं काही करू शकत नाही. आज काढली तर विषय संपला."

काढायची म्हणजे स्वादुपिंडाचा अर्धा भाग जाणार होता आणि त्याला चिकटलेली तिल्ली, म्हणजे प्लीहा, तीही जाणार होती. पुढे साखरेचा आजार मागे लागू शकतो, जखमेतून पाझर राहू शकतो, हे सगळं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "थांबून पाह्यलं तर?" ते म्हणाले, "थांबा असं मी म्हणणार नाही. काढाच असं म्हणतो. पण त्यांना नीट समजावून सांगा. शरीर त्यांचं आहे." आम्ही दोघांनी शहाण्यासारख्या माना हलवल्या.

बाहेर बाकावर बसल्यावर भाऊजी म्हणाले, "विजय, तो शब्द तिच्यापुढं काढू नका बरं. ऐकला तर ते ऑपरेशनच्या टेबलावर चढाची नाई." आणि मला ते पटलं. ज्या बाईला काही झालेलंच नाही, तिला कसं सांगायचं, की तुझं अर्धं पोट रिकामं करायचंय, कशासाठी तर कदाचित पुढे होईल म्हणून? तू हजार प्रश्न विचारले असतेस आणि माझ्याकडे त्यांतल्या एकाचंही उत्तर नव्हतं. मला तू हवी होतीस, ताई, एवढंच मला कळत होतं. मी वॉर्डात आलो आणि म्हणालो, "पित्ताशयापाशी पाण्याची गाठ हाये. काढून टाकतीन. आठ-दहा दिवसांत घरी."

तू विचारलंस, "एवढंच ना?"

"एवढंच."

संध्याकाळी संमतीचा कागद आला. तुझा चष्मा घरी राहिला होता. तू कागद लांब धरलास, जवळ धरलास आणि माझ्याकडे दिलास. "तू वाचला ना?" मी हो म्हणालो आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. जन्मभरात तू एकाच कागदावर न वाचता सही केलीस, आणि तो मी पुढे केलेला होता.

तिसऱ्या दिवशी नर्स सहज सांगून गेली, की बाई, तुमची तिल्ली काढलीय, यापुढे ताप आला की अंगावर काढायचा नाही. तू पोटावरच्या पट्ट्यांकडे पाहिलंस, त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होत्या. नळीतून बाटलीत उतरणाऱ्या पाण्याकडे पाहिलंस. मग माझ्याकडे.

"पाण्याच्या गाठीले तिल्ली काऊन काढा लागली?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. फिल्म, पिशवी, चिकट द्रव, अस्तर, काही लपवलं नाही. तू डोळे मिटून ऐकलंस. माझं झाल्यावर म्हणालीस, "मंग कॅन्सर होता म्हण ना सरळ."

"नव्हता, ताई. होऊ शकला असता."

"ज्याले होते, त्याले असंच सांगतेत," तू म्हणालीस, आणि कूस वळवता येत नव्हती म्हणून नुसती मान वळवलीस.

मला वाटलं, रिपोर्ट आला की मिटेल. आठवड्याने काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. अस्तरात एका जागी बिघाड सुरू झाला होता, पण तो तिथल्या तिथेच होता, पिशवीबाहेर गेलेला नव्हता. पिशवी अख्खी निघाली होती. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात. आता घरी जाऊन विसरून जा." मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरून तुझ्याकडे आलो. तू कागद खिडकीच्या उजेडाकडे धरलास, अक्षरांवरून अंगठा फिरवलास आणि शांतपणे म्हणालीस, "टायपिंग चांगलं हाये. कोणाकडून करून आणलं?"

मला हसू आलं. तू हसली नव्हतीस, हे मला नंतर कळलं.

तिथून आपण दोघंही अडकलो. या भागात ज्याला कॅन्सर होतो त्याला सगळं घर एकच वाक्य सांगतं, की तुला कॅन्सर नाही. मीही तेच सांगत होतो. फरक एवढाच, की माझं खरं होतं, आणि तो फरक दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हतं. कागद म्हणावा तर तू स्वतः खोटा केलेला. डॉक्टर म्हणावे तर बाबांच्या वेळी आपण स्वतः पढवलेले. मी हसून सांगितलं तर तू म्हणायचीस नाटक करतो, चिडून सांगितलं तर म्हणायचीस खोटं पकडलं की हा चिडतो. एकदा सांगता सांगता माझे डोळे भरून आले, तेव्हा तर तुझी खात्रीच पटली. खरं बोलायला तू मला तोंड ठेवलं नव्हतंस. की मीच माझं घालवलं होतं?

भांडणही आपलं ठरलेलं. मी म्हणायचो, "बाबाच्या वेळेस तूच म्हटलं होतं ना, पेशंटले सांगा नाई लागत?" तू म्हणायचीस, "ते बाबाचं होतं. हे माह्यं हाये."

नळी पाच आठवडे राहिली. पाझर थांबेना. तू रोज सकाळी बाटली मोजून वहीत आकडा लिहायचीस, हजेरीपट भरावा तशी. एवढे दिवस पाझरतं म्हणजे आत काहीतरी राहिलंय, हा तुझा पुरावा. दुसऱ्या वर्षी साखर निघाली, सुई सुरू झाली, हा दुसरा पुरावा. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, असं मी म्हटलं की तू विचारायचीस, "तुले सांगितलं होतं. मले काऊन नाई सांगितलं?"

एका दुपारी तू एसटीने देवळीला आलीस, थेट माझ्या दुकानात. स्वाती तेव्हा बारावीला होती. तू स्टीलचे डबे, परात, घागर, सगळा संसार निवडून काढलास आणि म्हणालीस, "नाव टाकून दे. स्वातीस, आईकडून. लग्नाची तारीख मोकळी ठेव, ते मागून टाकजो." भांड्यावर नाव घालायचं यंत्र मीच चालवतो, दुसऱ्याच्या हातात देत नाही. मी गुमान टाकत गेलो. शेवटी तू पिशवीतून एक लहानशी वाटी काढलीस.

"याच्यावर टाक, नातवास, आजीकडून."

मी यंत्र बंद केलं. "ताई, पोरगी बारावीत हाये. तू सोताच्या हातानं देजो ना."

"तू टाकून देतं का मी बजारातून दुसरीकडून टाकून घेऊ?"

गिऱ्हाईकं बघत होती. मी टाकलं. पण अक्षरं वाकडी आली. इतर वेळी तू ती वाटी माझ्या तोंडावर परत केली असतीस. त्या दिवशी पदराने पुसून पिशवीत ठेवलीस आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलास. मला तुझा तो हात नको होता. मला चूक काढणारी ताई हवी होती. आजाराच्या भीतीने तुझा राग निवला, जावांची भांडणं मिटली, ऑफिसातल्या पोरी तुला घाबरेनाशा झाल्या, आणि सगळे म्हणायचे, बाई किती मऊ झाली. मी एकटाच त्या मऊपणाला वैतागलेला असायचो.

तिसऱ्या वर्षी मी तुला ओढतच त्या सर्जनकडे नेलं. त्यांनी तुझ्या डोळ्यांत पाहून स्वच्छ शब्दांत सांगितलं, "बाई, तुम्हाला कॅन्सर नव्हता. होऊ नये म्हणून आपण काढलं. तुम्ही बऱ्या आहात." तू हात जोडलेस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "यायले बी सांगून ठेवलं का रे?"

परतताना बसमध्ये तू आधी तिकिटावरचे पैसे तपासलेस. मग म्हणालीस, "बाबाले माहीत होतं."

"कायवरून?"

"त्यायनं तो कागद दोनदा वाचला. अल्सरचा कागद कोणी दोनदा वाचते का? आपल्यासाठी गप्प राह्यले ते."

त्यानंतर तू मला विचारणं सोडलंस. मी मूर्ख, मला वाटलं डॉक्टरांचं पटलं. दोन महिने मी खुशीत होतो. मग भाऊजींनी बोरगावला घेतलेल्या प्लॉटवर घर बांधायचा नकाशा आणला आणि तू तो न उलगडता परत दिलास. "तुमी बांधजा मागून. मी कुठं राहाले येतो त्याच्यात." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तुला पटलं नव्हतं. बाबा आपल्यासाठी गप्प राहिले तशी तू माझ्यासाठी गप्प राहिली होतीस. प्लॉट अजून तसाच आहे. हेडक्लार्कची जागा आली तीही तू सोडलीस, दोन-चार महिन्यांसाठी कशाला खुर्ची अडवायची म्हणून. त्यानंतर तू सहा वर्षं जगलीस, ताई. सहा वर्षं तू भाड्याच्या दोन खोल्यांत, जायच्या तयारीने बसून काढलीस.

आणि तरी मी त्या ऑपरेशनचे उपकार मानतो. स्वातीच्या लग्नात डब्यांवरची तारीख मी टाकली तेव्हा तू शेजारी उभी होतीस. नातू तुझ्या मांडीवर बसून त्या वाकड्या अक्षरांच्या वाटीतून वरण-भात जेवला. मी म्हटलं, "आता तरी पटलं का?" तू त्याचं तोंड पुसत म्हणालीस, "डॉक्टरचा हात चांगला होता. नाई तर एवढं कोणाचं निभते?" ती पिशवी आत राहिली असती तर तू हा दिवस पाहिला असतास का, मला माहीत नाही. ती तशीच शांत राहिली असती आणि तू अख्ख्या पोटानं, साखरेच्या आजाराविना, रागीटच्या रागीट जगली असतीस का, तेही माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. मी हे कोणाला विचारू?

गेल्या महिन्यात तुझं हृदय थकलं. इतक्या वर्षांच्या साखरेने ते झिजवलं होतं. त्या दुपारी भाऊजी स्वातीला आणायला स्टँडवर गेले होते आणि दवाखान्याच्या खोलीत आपण दोघंच होतो. तू ऑक्सिजनचा मास्क बाजूला केलास.

"विजू, आता तरी सांग. मले राग नाई."

"काय सांगू?"

"होता ना?"

"नव्हता, ताई. बाबाची शपथ."

तू डोळे मिटलेस. मग म्हणालीस, "म्हणजे तू मले एकटीलेच जाऊ देऊन राह्यला."

मला तुझी ती नऊ वर्षं तेव्हा पहिल्यांदा दिसली. तू मरणाला भ्यालेली नव्हतीस. आम्ही सगळे काठावर उभे राहून पाण्यात कोणी नाहीच असं म्हणतोय, याने तू थकली होतीस. तुला कोणीतरी एकदा हो म्हणायला हवं होतं, आणि ते मी म्हणावं असं तुला वाटत होतं.

मी म्हणालो, "होता, ताई."

तुझा चेहरा सुटला. खरंच सुटला, मी पाहिलं. तू माझा हात धरलास आणि उलट माझीच समजूत काढू लागलीस. "मले माहीत होतं रे. नऊ वर्ष एकट्यानं कसं घेऊन फिरला तू हे? रडू नको. आता झालं ना सांगून." मग चहा मागितलास, साखरेचा, आणि मी दोन घोट दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

ऑपरेशननंतर मी तुझ्याशी एकदाच खोटं बोललो, आणि तेवढंच एक तुला पटलं. तू सुखाने गेलीस म्हणून मला बरं वाटतं, पण आता ते खोटं परत घ्यायला तू नाहीस. तू त्याच संध्याकाळी स्वातीला सांगितलंस, तिने भाऊजींना, आणि गल्लीत ते कसं गेलं ते देव जाणे. भाऊजींना डॉक्टरांचं सगळं ठाऊक, पण तेही आता माझ्याकडे असे पाहतात, जणू डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन आणखी काही सांगितलं असावं.

काल मी स्वातीला समोर बसवलं. रिपोर्ट तिच्या हातात दिला. सगळं सांगितलं, न वाचता केलेल्या सहीपासून त्या दुपारपर्यंत. म्हटलं, "तुझ्या आईले कॅन्सर नव्हता, बेटा. मी शेवटी हो म्हटलं ते खोटं होतं. तिले एकटं वाटून राह्यलं होतं म्हणून म्हटलं."

तिने कागद वाचला नाही. घडी करून माझ्या हातात परत दिला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मामा, आईनं मले सांगूनच ठेवलं होतं. म्हणे, विजूनं कबूल केलं. पण मी गेल्यावर तो पुन्हा नाई म्हणीन. म्हणू देजो त्याले."

तर मी म्हणून राह्यलो, ताई. नव्हता.